पेटीत नसलेला सूर

दसरा होऊन गेला की आर्णी रोडवर कापसाच्या गाड्या सुरू होतात. यवतमाळात मुलाचं घर पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे ट्रॉलीत दाबून भरलेला कापूस मला गॅलरीतून दिसतो. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर आणि दोराला धरून बसलेला एखादा माणूस. समोरच्या गतिरोधकावर गाडी आदळली की चार-दोन पुंजके उडतात आणि आमच्या फाटकाच्या जाळीत अडकून बसतात. संध्याकाळी मी खाली उतरून ते वेचून आणते. सूनबाई हसते. "आई, दुकानात तयार वाती मिळतात हो." मिळतात, मला माहीत आहे. तरी मी सरकी काढते, वाती वळते आणि डबा भरत जाते. देव एक आणि वाती हजार, असं आमच्या घरात चाललं आहे.

गावाकडे आता सीतादही होऊन गेलं असेल. पहिल्या वेचणीच्या सकाळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, बुडाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, झाडांवर थोडं दही शिंपडायचं आणि मग बायांनी कमरेला ओट्या बांधून वेचायला लागायचं, ही आमच्याकडची रीत. महागावपासून जवळच आमचं गाव. पलीकडे पूस नदी आणि गावाला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा. तीन वर्षांपूर्वीचं सीतादही मी एकटीने केलं. हे त्याच वर्षी वैशाखात गेले होते. पऱ्हाटीला दह्याचं बोट लावताना यांच्या आठवणीने गळा दाटून आला, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. दही जरा जास्तच आंबलंय, एवढंच मला तेव्हा जाणवलं. आठवण उशिरा आली, आणि आली तीही भलत्याच देशातून, भलत्याच माणसाच्या गळ्यातून.

मी गाण्याची बाई. महागावला मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं पेटी वाजवली. माझी कीर्ती काही फार गोड नव्हती. प्रार्थनेच्या रांगेत एखादीचा सूर केसभर उतरला तरी मला तिसऱ्या ओळीतून कळायचं, आणि त्या मुलीलाही लगेच कळायचं की बाईंना कळलंय. "घसा खरवडू नकोस, गळा मोकळा सोड," हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं असेन की माझ्या विद्यार्थिनी अजूनही बाजारात भेटल्या की माझी नक्कल करून दाखवतात. गाणं म्हणजे गोड, गोड म्हणजे स्वच्छ, आणि स्वच्छ म्हणजे पेटीच्या पट्टीत जसा असतो तसाच सूर, ही माझी समजूत. माझ्या समजुती सहसा हलत नाहीत. हे म्हणायचे, "तुह्या डोक्यातले खिळे उपटाले पहार लागते."

यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. कृषी खात्यात नोकरी, घरची सहा एकर कोरडवाहू, आणि खिशात कायम बोंडातली अळी बघायचं भिंग. निवृत्तीच्या आदल्या वर्षी कापसाच्या अभ्यासदौऱ्यात यांचा नंबर लागला आणि हे बारा दिवस स्पेनला जाऊन आले. स्पेनच्या दक्षिणेला सेविल नावाचं शहर आहे, त्याच्या आजूबाजूला कापूस पिकतो. परत आल्यावर गावातली माणसं गोष्टी ऐकायला जमली. यांनी एकच गोष्ट सांगितली. "तिकडं वेचाले बाईच नाई. एक मशीन येते अन् अख्खं वावर भादरून जाते."

मला मात्र दुसरी गोष्ट सांगितली. तिथल्या शेतकऱ्याच्या अंगणात एका संध्याकाळी एक म्हातारा गायला होता. तरुणपणी तो हाताने कापूस वेचायचा. मशीन आलं, काम गेलं, गाणं तेवढं राहिलं. त्या गाण्याला फ्लामेंको म्हणतात. त्यातलाही हा जुना प्रकार, नाचाबिचाचा नव्हे. तिकडचे लोक त्याला खोल गाणं म्हणतात, असं दुभाष्याने यांना सांगितलं. म्हातारा खुर्चीवर बसून, मुठी गुडघ्यांवर दाबून, डोळे मिटून गायला आणि यांनी ते मोबाइलवर उतरवून घेतलं. यजमानाने आणखी काही जुन्या गायकांची गाणी दिली. मुलाने ते सगळं एका पेनड्राइव्हवर भरून दिलं.

पहिल्यांदा हे मला ऐकवलं तेव्हा मी अंबाडीची भाजी निवडत होते. आधी गिटार खडखडली. मग शब्दबिब्द काही नाही, म्हाताऱ्याने नुसतं "आय्" असं सुरू केलं आणि ते "आय्" काही संपेचना. फुटक्या मडक्यातून पाणी गळावं तसा आवाज. चढता चढता तो मध्येच मोडायचा, आणि मोडला तिथूनच म्हातारा तो पुन्हा उचलायचा. अर्ध्या मिनिटात मी म्हणाले, "बंद करा हो. हा काय गळा आहे? दाढ दुखतेय का याची?"

"अवं, एक डाव आयकून तं पाय."

"ऐकलं. याला आधी सा लावायला शिकवा म्हणावं."

दिवाळीत पुन्हा एकदा तसंच झालं. तिसऱ्यांदा यांनी विचारलं ते संक्रांतीच्या आदल्या दिवशी. मी गुळाचा पाक करत होते, आणि पाक गोळीवर आला की बाईमाणसाला दुसरं काही दिसत नाही. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "दोनच मिनिटाचं हाय. मले एक जागा दाखवाची हाय तुले." मी म्हटलं, "थांबा, पाक बिघडेल." हे "बरं" म्हणाले आणि अंगणात निघून गेले. त्यानंतर यांनी कधी विचारलं नाही. पाक मात्र चांगला झाला होता. लाडू शेजारीपाजारी वाटले आणि सगळ्यांनी नावाजले.

वैशाखात एका सकाळी चहा पिता पिता हे गेले. कप खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही.

मी रडले नाही. का नाही, ते मला सांगता येत नाही. मुलाला कळवलं, कोणाकोणाला फोन करायचे त्याची यादी केली, आलेल्यांच्या चहाचं बघितलं. आमच्याकडे मयताला आलेली बाई दारातूनच रडणं सुरू करते, आणि ते नुसतं रडणं नसतं. गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याचे गुण सांगत, सुरात म्हणायचं असतं ते. शेजारची कुसुम रडताना वर चढायची आणि खाली येताना सूर सोडायची. हे मला यांच्या मढ्याशेजारी बसून जाणवलं, आणि माझी मलाच लाज वाटली. बायका मागे बोलल्याच. "बाई लय कठीन काळजाची हाय." मी ऐकलं आणि मनात म्हटलं, असेन बाई.

मुलाचं म्हणणं, शेत ठेक्याने द्यावं आणि मी यवतमाळला यावं. मी म्हटलं, ही वेचणी होऊ दे. सीतादही झालं त्याच रात्री यांची शेतावरची पिशवी धुवायला काढली, तर तिच्यात भिंग निघालं, सुतळीचा गुंडा निघाला आणि तळाशी तो पेनड्राइव्ह. मी पिशवी भिजत घातली आणि पेनड्राइव्ह हातात घेऊन बसून राहिले. यांनी तीनदा विचारलं होतं. आयुष्यभर माझी पेटी न कळता ऐकून घेणाऱ्या माणसाने मला पहिल्यांदाच एक जागा दाखवायची म्हटलं होतं, आणि मी पाक हलवत बसले होते. त्या ओरडण्यात यांना काय ऐकू आलं होतं, एवढं मला कळायला हवं होतं. ते कळलं नाही तर चाळीस वर्षांतला हा माणूस माझ्या हातून अर्धाच राहून जाईल, अशी धास्ती मला त्या रात्री पहिल्यांदा वाटली.

घरात ऐकायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह लावायचा छोटा स्पीकर घेऊन शेतात गेले.

तांड्यावरच्या आठ बाया आमच्याकडे वेचायला असत. त्यांची म्होरकी गमलीबाई. वय विचारलं तर म्हणायची, "कापसाले इचार, किती झाडं येचली." तांड्यात अजूनही घागरा आणि आरशांची काचोळी घालणाऱ्या दोन-तीनच बायका उरल्या होत्या, त्यातली ही एक. कलेक्टर असो की कंडक्टर, सगळ्यांना अरे-तुरे करायची. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना लागतात म्हणून बाया बोटांना चिंध्या बांधत. गमलीबाई बांधत नसे. तिची बोटं बोंडात जायची आणि पाकळ्या मागे ठेवून नुसता कापूस घेऊन यायची.

दव उडालं होतं. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या सावलीत स्पीकर ठेवला आणि लावला. आवाज कमी कसा करतात ते मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याचं "आय्" सबंध शिवारात पसरलं. बाया थबकल्या. एक-दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. आणि तेवढ्यात शेजारच्या वावरातून कुसुम आणि आणखी तिघीजणी कमरेच्या भरल्या ओट्यांसकट धावत येताना दिसल्या. कुसुमने धुरा ओलांडला, पदर तोंडावरून घेतला, माझ्या गळ्यात पडली आणि सुरू झाली, "कसं झालं वं माय, असं कसं सोडून गेले वं..." बाकीच्या तिघींनी धरलं. रीतीप्रमाणे दोनेक मिनिटं व्यवस्थित रडणं झाल्यावर कुसुमने नाक पुसलं आणि हळूच माझ्या कानात विचारलं, "पन गेलं कोन, बाई?"

मी स्पीकरकडे बोट दाखवलं. कुसुमचा चेहरा असा झाला की तांड्यावरच्या बाया खाली बसून हसायला लागल्या. मीही हसले. वैशाखानंतर पहिल्यांदा. पण हसता हसता कानाने आपलं काम केलंच. कुसुमचं "वं माय" जिथे खाली येऊन टेकलं, तिथेच म्हाताऱ्याचं "आय्" येऊन टेकत होतं. कोमल रिषभावरून घसरत षड्जावर. दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

गमलीबाई हसली नव्हती. ती स्पीकरशेजारी उकिडवी बसली होती.

"हा मानूस मयताचं रडून नाई राह्यला," ती म्हणाली. "हे निरोपाचं हाय. आमच्यात पोरगी सासरी जाते तवा म्हनते, ढावलो. तसं हाय हे."

"तुला काय कळतंय त्याची भाषा?" मी शाळेतल्या बाईंच्या तोऱ्यात विचारलं.

"भाषा कायले लागते? सोडवून घेनाऱ्याचा आवाज येगळा रायते."

मग ती उठून वेचायला गेली.

त्यानंतरचे चार महिने आता माझ्या मनात एकाच दिवसासारखे आहेत. सकाळचं दव, पायांना लागणारी ओली पऱ्हाटी, ऊन चढल्यावर कापसाला येणारा तो कोरडा, किंचित तेलकट वास, मधल्या ओळींतल्या तुरीच्या फुलांवर मधमाश्या, दुपारच्या सुटीत ठेचा-भाकर आणि स्पीकर. बायांना आधी ते नको होतं. त्यांना त्यांची लग्नातली गाणी हवी असत. मग असं ठरलं की सकाळी त्यांची आणि जेवणाच्या सुटीत माझी. मी घरी येऊन पेटी काढायची आणि दुपारी ऐकलेलं पट्ट्यांवर शोधायची. सापडायचं नाही. म्हातारा ज्या ठिकाणी रेंगाळायचा ते ठिकाण काळ्या आणि पांढऱ्या पट्टीच्या मधे कुठेतरी होतं. काळी दाबली की ते निसटून खाली जायचं, पांढरी दाबली की वर. एकतीस वर्षं मी मुलींना सांगितलं होतं की मधे काही नसतं, जे असतं ते बेसूर असतं.

तालाचंही तेच. मागे टाळ्या पडायच्या त्या मी बोटांवर मोजायची. दोन, दोन, तीन, तीन, दोन. बारा मात्रा भरायच्या, पण हा आपला एकताल नव्हता. चालताना एक पाय आखूड पडावा तसं व्हायचं. गमलीबाईने एकदा माझी बोटं धरली. "मोजू नको."

"मग काय करू?"

"दम कुठी मोडते ते आयक. येच्यातलं सारं तिथीच हाय."

एक गाणं गिटारीशिवायचं होतं. मागे नुसता लोखंडावर हातोडा पडत होता, सावकाश. आमच्यातली धाकटी शेवंता म्हणाली, "ढानकीच्या बाजारात लोहार बसते नं, तसं वाटून राह्यलं." नंतर यांच्या वहीत सापडलं, हे गाणं खरंच लोहारांचंच आहे. तिकडच्या भटक्या जमातीचे लोक लोहारकी करायचे, भात्याजवळ गायचे. यांनी वहीत कीटकनाशकांच्या मात्रांच्या खाली ते लिहून ठेवलं होतं. त्या पानावर पुढे फक्त एवढंच होतं, "हिला दाखवायचं."

मला ते गाणं आवडू लागलं कधी, तो दिवस सांगता येणार नाही. आधी सवय झाली. मग एकदा स्पीकरचं चार्जिंग संपलं होतं आणि दुपार मोकळी मोकळी वाटली. मग एकदा विहिरीवर हात धुताना माझ्याच तोंडून ते "आय्" निघालं आणि मी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघितलं. गोडवा हा एक गुण आहे, आणि तो आपल्या ठिकाणी चांगलाच आहे. पण काही गोष्टी गोड सांगितल्या की खोट्या होतात. मी हे साठीला टेकल्यावर शिकले, आणि शिकवणारी बाई अंगठा उठवणारी होती. मला याचं वाईट वाटत नाही. उशीर झाला याचं वाटतं.

पौषात एका दुपारी ती जागा सापडली. त्या दिवशी यांनी स्वतः उतरवून घेतलेलं गाणं लागलं होतं, अंगणातल्या म्हाताऱ्याचं. मागे कुत्रं भुंकतंय, कोणी खुर्ची सरकवतंय, असलं सगळं त्यात आहे. गमलीबाई भाकरीचा घास हातातच धरून म्हणाली, "हे हाव कोन म्हनलं?"

"कुठलं हाव?"

"मांगं घे."

मागे घेतलं. म्हातारा वर चढत जातो. आवाज फाटतो. क्षणभर काहीच नाही. आणि त्या रिकाम्या जागेत, माइकच्या अगदी जवळ, कोणीतरी हळूच म्हणतं, "हाव."

आमच्या वऱ्हाडातलं हाव, म्हणजे हो. त्या गाण्यात ऐकणाऱ्याने मधे एखादा शब्द टाकायचा असतो, गाणाऱ्याला हात दिल्यासारखा. बाकीची गाणी ऐकून मला एवढं कळलं होतं. तिकडचे लोक त्यांचा शब्द टाकत होते. यांना तो कुठून येणार? यांनी आपला टाकला. आणि टाकला तो नेमका तिथे, जिथे दम मोडतो. मी एकतीस वर्षं पेटीवर घालवली होती आणि मला ती जागा दाखवायला दोन माणसं लागली. त्यातलं एक आठ महिन्यांपूर्वी गेलेलं.

"आमचे हे आहेत," मी म्हणाले.

गमलीबाईने मान हलवली आणि घास तोंडात घातला. "मानूस आयकनारा होता," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढी स्तुती मी दुसऱ्या कोणाची ऐकली नाही. मी उठले, ओटी बांधली आणि संध्याकाळपर्यंत दोन तास वेचत गेले. रडू तेव्हाही आलं नाही.

त्यानंतर मी गमलीबाईच्या मागेच लागले. मला तिचा ढावलो ऐकायचा होता. मोबाइल समोर धरून म्हणायची, "म्हण ना एकदा, मी भरून घेते."

"कोन चाल्लं?"

"कोणी नाही. असंच."

"असंच कोनी ढावलो म्हनते का? जे चाल्ली ते म्हनते. मी कुठी चाल्ली?"

मी चहात गूळ जास्त घातला, नवीन चादर दिली. चादर तिने घेतली. ढावलो काही म्हटला नाही. तिची नात माघ लागताच सासरी गेली. गमलीबाई तिला दोन महिने रोज संध्याकाळी शिकवत होती. एकेक नातलगाच्या गळ्यात पडून, त्याला हाक मारून कसं म्हणायचं, कुठे थांबायचं. मी मुद्दाम लग्नाला गेले. निघायच्या वेळी डीजेवाल्याने असा दणका लावला की काही ऐकू येईना. नवरी मेकअप जपत डोळ्यांच्या कडा रुमालाने टिपत गाडीत बसली. गमलीबाई गाडीच्या काचेवर हात ठेवून उभी होती. गाडी हलली तसा हात काचेवरून घसरला. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी वेचायला आली.

आता ती वेचायला जात नाही असं कळतं. मोतीबिंदू झालाय. शेवंताच्या फोनवरून कधी बोलणं होतं, पण फोनवर तिला बोलता येत नाही; ती मोठ्याने "हाव, हाव" करत राहते आणि मग फोन शेवंताकडे देते. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मुलगा गावाचं नाव काढलं की विषय बदलतो. मी ते गाणं इथेही ऐकते, कानात घालून, कारण शेजाऱ्यांनाही मयताची शंका यायची. पण चार भिंतींत ते नीट लागत नाही. त्याला दुपार लागते, ऊन लागतं, आठ बायांनी हात थांबवून ऐकावं लागतं. कधी कधी वाती वळताना माझी बोटं आपोआप थांबतात आणि मी कोणीतरी "मांगं घे" म्हणेल म्हणून वाट बघते. ते शिवार, ती माणसं, ती चार महिन्यांची शाळा मला परत हवी आहे. हे हट्टाचं बोलणं आहे, मला कळतं. हवी आहे तरीही.

माघ संपता संपता शेवटची वेचणी आली. शेत ठेक्याने दिलं होतं. सामान टेम्पोने आदल्या दिवशी गेलं, पेटीही गेली. मुलगा गाडी घेऊन रस्त्यावर थांबला होता. मी बायांचा निरोप घ्यायला शेतात गेले. पऱ्हाटी पार वाळली होती, पायाखाली कडकड वाजत होती. झाडांवर किडका, कवडी कापूस तेवढा उरलेला. मी धुऱ्यावर उभी राहून शाळेतल्या निरोप समारंभात म्हणावं तसं म्हणाले, "बरं तर मग, येते मी."

गमलीबाई वेचायची थांबली. पऱ्हाटी बाजूला सारत आली आणि पायवाटेवर माझ्या समोर उभी राहिली.

"अशी जाते का, बाई?"

"मग कशी जाऊ? यवतमाळ काही लांब नाही."

"पोरगी बाजूच्या तांड्यात गेली तरी ढावलो म्हनते. कोस मोजून रडतेत का?" तिने माझ्या दंडाला धरलं. "म्हन."

"मी?"

"चाल्ली कोन? तू का मी?"

बाकीच्या बाया जवळ आल्या होत्या. कोणी हसत नव्हतं. रस्त्यावरून मुलाने एकदा हॉर्न वाजवला.

"मला तुमची भाषा येत नाही," मी म्हणाले.

"तुह्या भाषेत म्हन. त्या म्हाताऱ्याची कुठी येत होती आपल्याले?"

"काय म्हणू पण?"

"ज्याले सोडून चाल्ली त्याचं नाव घे. नाव घेऊन हाक मार. पुढचं आपलं आपन येते."

यांचं नाव मी चाळीस वर्षांत उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. रेशनकार्डाच्या ऑफिसातसुद्धा साहेबाने विचारलं की मुलाला पुढे करायची. मी यांच्या शेताकडे बघितलं. सवयीने आधी सा शोधला. तो काही सापडला नाही. गमलीबाईने दंड सोडला नव्हता.

"सुधाकर," मी म्हणाले.

"अशी हाक मारतेत का? आयकू गेली पाह्यजे."

मी पुन्हा सुरुवात केली. पहिलं अक्षर लागलं. दुसऱ्यावर गळा फाटला, तो पुढे कुठे गेला मला सांगता यायचं नाही. माझ्या वर्गात एखादी मुलगी असं गायली असती तर मी तिला बाहेर उभं केलं असतं. मी थांबले नाही. नाव संपलं की पुन्हा घेत होते, मोडलं की मोडलं तिथून उचलत होते. मधेच पाक आला, लाडू आले, थांबा म्हटलं होतं ते आलं, मला माफ करा हे आलं, आणि मी वैशाखापासूनचं सगळं त्या पायवाटेवर उभी राहून मोठ्याने रडले. किती वेळ, कोण जाणे. मुलगा गाडीतून उतरून धुऱ्यापर्यंत आला होता आणि तिथेच थांबला होता.

गमलीबाईने तिच्या ओढणीच्या टोकाने माझं तोंड पुसलं, एखाद्या पोरीचं पुसावं तसं, जरा खसाखसा. मग मला खांद्याला धरून रस्त्याच्या बाजूला वळवलं.

"हं," ती म्हणाली. "आता जाय."